शेवटचे पाच मीटर आपले

मोबाइलमधल्या नकाशाने ‘डावीकडे वळा’ म्हटले की आपण वळतो. ठिकाणी पोहोचतो, पण कोणत्या रस्त्याने आलो ते विचारले तर सांगता येत नाही. त्याच जीपीएसच्या आधाराने आपल्याला चालायला आणि डोळे उघडे ठेवायला लावणारा एक खेळ आहे, जिओकॅशिंग. यातली कॅश म्हणजे पैसे नव्हेत; दडवून ठेवलेला डबा. कोणीतरी तो लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो आणि बाकीच्यांनी तो शोधायचा.

पूर्वी अमेरिकी सरकार सामान्य नागरिकांसाठीच्या जीपीएस संदेशांत मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे दाखवलेली जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या निर्णयानुसार २ मे २००० रोजी ही चूक काढून टाकली गेली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात, पोर्टलँडजवळच्या रानात, एक बादली लपवून तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर टाकला. काही दिवसांतच लोकांनी ती शोधून काढली. आज जगभरात असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत. भारतात ते तुलनेने कमी असले तरी मोठ्या शहरांच्या आसपास सापडतात.

सुरुवातीला फक्त मोबाइल आणि एक पेन पुरते. जिओकॅशिंगचे अ‍ॅप मोफत मिळते. नाव नोंदवले की जवळपासचे डबे नकाशावर दिसतात. प्रत्येकाला दोन गुण दिलेले असतात : शोधायला किती अवघड आणि वाट किती बिकट. दोन्ही १ ते ५. नवख्याने दोन्ही गुण दीडच्या आत असलेला ‘पारंपरिक’ प्रकारचा डबा निवडावा. बोटाच्या पेराएवढ्या डबीऐवजी मोठ्या आकाराचा बरा. अलीकडे तो कोणाला सापडला होता का, हेही आधीच्या नोंदींत पाहावे. नाहीतर जागेवर नसलेल्या डब्यासाठी उन्हात फिरणे होते.

डबा मिळाला की आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची. आतली एखादी वस्तू घ्यायची असेल तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. खाण्याचा पदार्थ मात्र कधीच नाही; वासाने प्राणी डबा फोडतात. मग तो होता तिथे, होता तसाच लपवायचा.

खरी गंमत शेवटच्या टप्प्यात आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. किमान चार उपग्रहांचे संदेश पोहोचायला लागलेल्या वेळेवरून फोन आपली जागा ठरवतो. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकते. मोकळ्या आभाळाखाली फोन साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो. दाट झाडी किंवा उंच इमारती असतील तर चूक वाढते. डबा लपवणाऱ्याच्या फोनचीही चूक त्यात मिसळलेली असते. म्हणून जवळ पोहोचल्यावर फोन खिशात ठेवावा आणि विचार करावा : मी असतो तर कुठे लपवला असता?

याचा मेंदूशीही संबंध आहे. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २४ जणांच्या मेंदूचे निरीक्षण करून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सोहो भागाच्या आभासी रस्त्यांवर स्वतः वाट शोधताना त्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा स्मृती आणि दिशांशी निगडित भाग नव्या रस्त्यावर वळताना जागा होत होता. यंत्राच्या सूचना पाळताना तसे घडत नव्हते. म्हणून घरूनच नकाशा नीट पाहून घ्यावा, शक्य तितके आठवणीने चालावे आणि यंत्राचा बाण अखेरीस वापरावा. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशी भटकंती भरभर चालत केली तर त्यात तिची भर पडते.

काही पथ्ये मात्र हवीतच. दगडाच्या फटीत किंवा बिळात थेट हात घालू नये; आपल्याकडे फुरसे, घोणस अशाच जागी दडलेले असू शकतात. आधी काठीने चाचपावे. रस्ता ओलांडताना नजर पडद्यावर नको. आडवाटेला एकटे जाऊ नये आणि घरी सांगून निघावे. स्वतः डबा लपवायचा असेल तर जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी. रेल्वे स्थानके, सरकारी इमारती, संरक्षित वास्तू टाळाव्यात. इंग्लंडमधील वेदरबी गावात २०११ मध्ये असाच एक डबा बॉम्ब समजून लष्कराच्या पथकाने स्फोटाने उडवला होता.

आणि अर्धा तास शोधूनही डबा मिळाला नाही तर? अ‍ॅपवर ‘सापडला नाही’ अशी नोंद जरूर करावी. त्यावरूनच मालकाला कळते की डबा बहुधा जागेवर नाही, आणि पुढच्याची खेप वाचते.