आष्टी तालुका (वर्धा)

आष्टी हा महाराष्ट्राच्या वर्धा जिल्ह्यातील आठ तालुक्यांपैकी एक तालुका आहे. १९४२ च्या उठावामुळे तालुक्याचे मुख्यालय ‘शहीद आष्टी’ म्हणूनही ओळखले जाते. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुका वेगळा आहे.

भूगोल
हा तालुका जिल्ह्याच्या वायव्य भागात असून वर्धा नदीपलीकडे अमरावती जिल्हा आहे. दक्षिणेस आर्वी व पूर्वेस कारंजा हे तालुके आहेत. तळेगाव (श्यामजीपंत) हे नागपूर–अमरावती महामार्गावरील गाव याच तालुक्यात येते.

इतिहास
‘छोडो भारत’ आंदोलनात १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, आंदोलकांनी आष्टीच्या पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला. पोलिसांच्या गोळीबारात आंदोलक मृत्युमुखी पडले; जमावाच्या हल्ल्यात पोलीसही ठार झाले. त्याच दिवशी चिमूर येथेही उठाव झाला. दोन्ही खटल्यांतील फाशीच्या शिक्षा पुढे १९४५ मध्ये जन्मठेपेत बदलण्यात आल्या. आष्टीत दरवर्षी नागपंचमीला हुतात्म्यांना अभिवादन केले जाते.

लोकजीवन
शेती हा प्रमुख व्यवसाय असून कापूस, सोयाबीन, तूर व संत्री ही मुख्य पिके आहेत. मराठीची वऱ्हाडी बोली प्रचलित आहे. सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणाच्या जलाशयामुळे नदीकाठच्या शेतकऱ्यांना जमिनी सोडाव्या लागल्या. जलाशयाने शेतीला सिंचन दिले. मात्र पुनर्वसनाचा प्रश्नही निर्माण झाला.