जागा आहे, पण जागा नाही!

शनिवारची रात्र. मॅगी झालीय, कंट्रोलर आधी कुणी घ्यायचा यावरचं भांडणही उरकलंय. तेवढ्यात टीव्हीवर मेसेज येतो, अपडेटसाठी पुरेशी जागा नाही. तुम्ही स्टोरेज उघडून बघता तर ५० जीबी मोकळी! अपडेट आहे दहा-बारा जीबीचं. मग मशीन खोटं बोलतंय का?

नाही बोलत. आमच्या फ्लॅटवरच्या सेकंडहँड पीएस ४ नं हाच मेसेज दिला होता. तेव्हा घाईत मी जे केलं, त्यात रूममेटचा दोन वर्षं खेळलेला करिअर मोड उडाला. आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही. (बरोबरच होतं त्याचं.) तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं.

पीएस ४ अपडेट जुन्या फाइल्सवर थेट चिकटवत नाही. आधी गेमची नवी प्रत बाजूला तयार होते, ती नीट झाली की जुनी जाते. घरात रंगकाम काढलं की सामान हलवायला आणखी एक खोली लागते ना, तसंच. म्हणजे 'रेड डेड रिडेम्प्शन २' सारखा १०० जीबीच्या आसपासचा गेम असेल, तर छोट्या अपडेटलाही तात्पुरती जवळपास तेवढीच मोकळी जागा लागू शकते. त्यात खोक्यावर लिहिलेले ५०० जीबी तुमच्या हातात येतच नाहीत. मशीन १०२४ च्या हिशोबानं मोजतं, म्हणून ते ४६५ होतात. सिस्टीम आपला वाटा काढून घेते आणि उरतात साधारण ४००. 'पण माझ्याकडे डिस्क आहे' म्हणाल, तर डिस्कवरचा गेमही हार्ड ड्राइव्हवरच इन्स्टॉल होतो.

मग काय करायचं? आधी सेव्ह वाचवा. सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप्लिकेशन सेव्ह्ड डेटा मॅनेजमेंट' आहे, तिथून पेनड्राइव्हवर कॉपी होते. त्यासाठी पैसे भरून सबस्क्रिप्शन घ्यायची गरज नाही. पेनड्राइव्ह मात्र फॅट ३२ किंवा एक्सफॅट हवा, एनटीएफएस पीएस ४ ओळखत नाही.

फॅट ३२ चा विषय निघालाच आहे, तर एक कोडं सोडवून टाकू. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा, तरी लॅपटॉपवरून सहा जीबीचा व्हिडिओ त्यात जात नाही. कारण फॅट ३२ मध्ये फाइलची साइज लिहायला ३२ बिटच असतात, म्हणून एका फाइलला ४ जीबीच्या वर जाताच येत नाही. एक्सफॅटला फॉरमॅट करा, काम झालं. फक्त फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं, हे विसरू नका.

सेव्ह सुरक्षित झाले की न खेळलेला एखादा गेम बिनधास्त काढा. गेम डिलीट केल्यानं सेव्ह जात नाहीत, ते वेगळे राहतात. 'कॅप्चर गॅलरी'तही डोकवा, आमच्याकडे तिथे विसरलेल्या क्लिप्सचा ढीग निघाला. कायमचा उपाय हवा तर बाहेरची हार्ड ड्राइव्ह लावा. ती यूएसबी ३.० ची आणि २५० जीबी ते ८ टीबीच्या मधली हवी. हब न वापरता थेट जोडायची. पीएस ४ ती आपल्या पद्धतीनं फॉरमॅट करतो, त्यामुळे प्रोजेक्टच्या फाइल्स असलेली ड्राइव्ह लावू नका. सेव्ह आणि स्क्रीनशॉट तरीही आतल्या ड्राइव्हवरच राहतात.

एवढं करूनही आकडे जुळेनात, तर सेफ मोड. मशीन बंद करून पॉवर बटण दुसरा बीप येईपर्यंत, म्हणजे साधारण सात सेकंद, दाबून धरा. कंट्रोलर केबलनं जोडा आणि 'रीबिल्ड डेटाबेस' निवडा. गेम जागेवर राहतात, फक्त यादी नव्यानं लागते. हा पर्याय पाचवा. त्याच्या खालचा सहावा 'इनिशियलाइज', तो सगळं पुसतो.

मी सहावा दाबला होता.

रूममेटनं आता नवा करिअर सुरू केलाय, पार खालच्या डिव्हिजनपासून. सेव्हचा पेनड्राइव्ह त्याच्या कपाटात असतो. किल्ली कुठे ठेवतो, ते मला अजून कळलेलं नाही.