साथ द्यावी, शर्यत त्याचीच असू द्यावी

दृष्टिबाधितांच्या शर्यतीत दोघे धावपटू शेजारी-शेजारी धावताना दिसतात. त्यांचे हात एका लहानशा दोरीने जोडलेले असतात. एक स्पर्धक, दुसरा त्याचा गाइड. गाइडने स्पर्धकाला ओढायचे नाही, ढकलायचे नाही आणि अंतिम रेषा त्याच्या आधी ओलांडायची नाही, असा नियम आहे. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सिमरन शर्मा हिने २०० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा अभय सिंह तिच्यासोबत असाच धावला.

दिव्यांगांच्या क्रीडास्पर्धांत सेवा देणाऱ्या प्रत्येकाने हा नियम मनाशी जपावा.

आपल्या व्यापारी कुटुंबांना दान नवे नाही. देणगीची पावती फाडली, फलकावर नाव लागले, की कर्तव्य संपले असे आपण मानतो. स्पर्धांना पैसा लागतोच. परंतु वेळ नोंदवणारे, पाणी देणारे, खेळाडूंना मैदानापर्यंत सोबत करणारे हातही लागतात.

तेथे काही पथ्ये पाळावीत. न विचारता व्हीलचेअरला हात लावू नये. अंध खेळाडूला प्रथम आपले नाव सांगावे. त्याचा हात धरून ओढण्याऐवजी आपला दंड त्याला धरू द्यावा. कर्णबधिर खेळाडूशी समोरासमोर बोलावे. प्रश्न पालकांना न विचारता खेळाडूलाच विचारावा. कीव तर मुळीच नको.

आणखी एक गोष्ट संकोचाने लिहितो. सोयरिकीची बोलणी करायला पाहुणे आले, की काही घरांत एखादे मूल आतल्या खोलीत बसवले जाते. त्यामागे दुष्टावा नसतो. भावंडांच्या लग्नाची काळजी असते. अमेरिकेतील श्रीमंत केनेडी घराण्यातही असेच घडले. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची बहीण रोझमेरी हिची बौद्धिक अक्षमता अनेक वर्षे जगापासून लपवली गेली. अखेर १९६२ मध्ये दुसरी बहीण, युनिस केनेडी श्रायव्हर, हिने त्याविषयी उघडपणे लिहिले. त्याच युनिसच्या पुढाकाराने १९६८ मध्ये शिकागो येथे पहिले स्पेशल ऑलिम्पिक्स भरले.

आपल्या गावात वा जवळच्या शहरात अशी स्पर्धा भरेल, तेव्हा एक रविवार दुकानाची जबाबदारी दुसऱ्यावर सोपवून सहकुटुंब तेथे जावे. दिवसभर त्या खेळाडूंसोबत वावरलेली आपली मुले पुढे कोणालाही आतल्या खोलीत बसवणार नाहीत.