गादी सरकली, पुढे काय?

गरजेपुरते उपचार : लेखांक ६

गेल्या आठवड्यात तापातल्या सलाइनबद्दल बोललो. आज कंबरदुखी.

राजापूर तालुक्यात लावणी आटोपते आणि कंबर धरते. चिरेखाणीवर जांभा उचलणाऱ्यांची तर ती बारमाही तक्रार. चार दिवस मलम, शेक, गोळ्या, मग घरातलेच कुणी म्हणते, "एकदा एमआरआय काढून टाकूया, शंका नको." रत्नागिरी गाठायची, नाहीतर अणुस्कुरा घाटाने कोल्हापूर. गाडीभाडे, तपासणीचे काही हजार, वर बुडालेली मजुरी. अहवालात मणक्यांमधली गादी सरकलेली दिसते आणि माणूस धसका घेतो. वाकायचे बंद, घडा उचलायचा बंद, डोक्यात ऑपरेशन.

पण दिसलेली गादी हेच दुखण्याचे कारण, असे धरून चालत नाही. कंबर अजिबात न दुखणाऱ्यांच्या मणक्यांचे अभ्यास २०१५ मध्ये एकत्र मांडले गेले. त्यात फुगलेली गादी विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत आढळली. वयाबरोबर केस पिकतात, तशी गादीही झिजते.

साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत उतरते. अंथरुणाला खिळण्यापेक्षा झेपेल तेवढे हिंडतेफिरते राहणे हिताचे. मात्र पायातली ताकद जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा, ताप, विनाकारण वजन घटणे, पूर्वीचा कर्करोग, पडल्याचा जबर मार यांपैकी काही असेल तर घरी थांबू नये. तिथे तपासणी टाळणे हाच धोका.

तपासणीची खरी गरज एका प्रश्नाने कळते : अहवाल असा आला किंवा तसा आला, तर उपचार बदलणार आहेत का? बदलणार नसतील, तर ती आज कशासाठी?

कधीकधी उत्तर रुग्णाच्या कंबरेत नसून व्यवहारात असते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, तोही घाम, गार पडलेले हातपाय, रक्तदाब यांवर रुग्णाच्या खाटेशी बसून नजर ठेवत. रुग्णाला एमआरआयसाठी पाठवल्याबद्दल याच डॉक्टरांच्या नावे एका केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी २०१३ मध्ये महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. रुग्ण पाठवण्याचे कमिशन देणे-घेणे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनेच निषिद्ध ठरवले आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारने 'कट प्रॅक्टिस'विरोधी कायद्यासाठी समितीही नेमली.

म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर संशय घ्यायचा का? नाही. हाताने तपासून "आत्ता फोटोची गरज नाही" म्हणणाऱ्या डॉक्टरांना आपणच "काही केलं नाही" म्हणून नावे ठेवतो आणि दुसरा दवाखाना धरतो. त्यांची फी ही त्या तपासणीची आणि सल्ल्याची असते. ती कुरकुर न करता द्यायला हवी.

पुढच्या वेळी चिठ्ठी मिळाली की सरळ विचारा : "डॉक्टर, यातून काय कळेल? दोन-तीन आठवडे थांबलो तर चालेल का? काय झालं तर लगेच यायचं?" चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही. जुने अहवाल आणि फिल्म एका पिशवीत जपून न्या, म्हणजे तीच तपासणी पुन्हा होणार नाही.

(पुढील आठवड्यात : गर्भपिशवी काढण्याचा सल्ला मिळाला तर)