शिवराईला चिंच लावू नका

नवी मुंबईतल्या सारसोळ्याच्या जेट्टीकडून येणारा खारा वारा आमच्या घरात कुठल्याच धातूला सोडत नाही. खिडक्यांच्या ग्रिलला दर दोन वर्षांनी रंग लागतो, बिजागऱ्या कुरकुरतात, देवघरातली समई आठवड्यात काळवंडते. पाम बीच रोडच्या पलीकडे खारफुटी आणि खाडी, अलीकडे आमचं घर. इथे राहून मी तांब्याची जुनी नाणी साफ करतो, म्हणजे वैऱ्याच्या दारातच बसलोय म्हणा.

तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली. पण या नादाचं मूळ त्याच्याही आधीचं. आमच्या देवघरात एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, होती. पूजेला कलशात सुपारीबरोबर आई तीच टाकायची. मी दहा वर्षांचा असताना दिवाळीच्या साफसफाईत तांब्या-पळीबरोबर तिलाही चिंच-मिठाने घासलं. नाणं लखलखलं, घरात कौतुक झालं. दोन पावसाळ्यांनी पाहिलं तर त्यावर फिकट हिरवी पूड फुटली होती. ‘राजा’ ही अक्षरं बोटाला लागत होती, तीही लागेनाशी झाली. त्या पुडीचं कारण मला पुढे प्रयोगशाळेत कळलं.

तांब्यावरचा गडद हिरवा किंवा तपकिरी घट्ट थर म्हणजे मळ नव्हे. नाणी जमवणारे त्याला पॅटिना म्हणतात. जुन्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग पुष्कळदा या थरातच टिकून असतो. खालचं तांबं कधीच झिजलेलं असतं आणि अक्षरं असतात ती थरात. चिंचेतलं आम्ल थर विरघळवतं, त्याबरोबर अक्षरंही जातात. मीठ त्याहून वाईट. त्यातला क्लोराईड तांब्याच्या छिद्रांत शिरून बसतो. दमट हवा लागली की त्याची हिरवी पूड होते, सोबत थोडं आम्ल तयार होतं, ते आणखी तांबं खातं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. याला ब्राँझचा रोग म्हणतात, पण तो निव्वळ तांब्यालाही होतो. जुलैत इथल्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. रोगाला याहून काय हवं?

सध्या टेबलावर आहे ती पुण्याच्या एका विक्रेत्याकडून पावतीसह घेतलेली शिवराई. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्यांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. महाराजांच्या पश्चातही शिवराई पुढच्या टाकसाळींतून पडत राहिली आणि इंग्रजी अमलातही बाजारात चालली. त्यामुळे एकाच मजकुराची कितीतरी वळणं सापडतात. कुठे ‘शिव’ तर कुठे ‘सिव’, कुठे ‘पति’ तर कुठे ‘पती’. अभ्यासक नाण्याचा प्रकार ठरवतात तो अशाच वेलांटीवरून आणि ठिपक्यांवरून. ती वेलांटी केसाएवढी जाड असते. ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत जाते.

म्हणून मी घासत नाही, भिजवतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर काचेच्या बरणीत घेतो आणि त्यात नाणं सोडतो. नळाचं पाणी चालत नाही, त्यात क्लोरीन असतं. पहिले आठ दिवस रोज पाणी बदलायचं, मग आठवड्याला. काढलेलं थोडं पाणी परीक्षानळीत घेऊन नायट्रिक आम्लाचा एक थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकतो. दुधासारखा पांढरा ढग उठला, तर मीठ अजून बाहेर पडतंय. या शिवराईचं पाणी पहिल्या दिवशी ताकासारखं झालं होतं. सातव्या आठवड्यात नळीत नुसती धुरकट रेघ उरली. (सिल्व्हर नायट्रेट कातडीला काळे डाग पाडतं आणि नायट्रिक आम्ल भाजतं. ज्यांना सवय नाही त्यांनी हे घरी करू नये. नुसतं पाणी बदलत राहिलं तरी बरंच काम होतं.)

मग दहापट भिंग आणि बाभळीचा काटा. काटा तांब्यापेक्षा मऊ, त्यामुळे माती निघते, धातूला ओरखडा येत नाही. एका संध्याकाळी तांदळाच्या दाण्याएवढी जागा मोकळी होते. ‘श्री’ची वेलांटी मातीतून वर आली तेव्हा मी बायकोला हाक मारली. तिनेही भिंगातून पाहिलं आणि बराच वेळ भिंग परत दिलं नाही.

शेवटी नाणं बल्बच्या उबेत पूर्ण वाळवायचं, मेणाचा पातळ हात द्यायचा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवायचं. पुडीतले निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदलायची. पावसाळ्यात मी डबा उघडतच नाही.

युरोप-अमेरिकेत हाच छंद रोमन नाण्यांवर चालतो. चौथ्या शतकातली नखाएवढी ब्राँझची नाणी मातीसकट मूठमूठ विकली जातात आणि लोक ती महिनोन्‌महिने ऑलिव्ह तेलात भिजवतात. तेलातलं आम्ल पॅटिना हळूहळू खातं, म्हणून मला ते पटत नाही. त्याहून खटकतं ते हे, की नाणं कुठल्या शेतातून, कशाशेजारून निघालं याची नोंदच राहत नाही. आपल्याकडे १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षहरात घराण्यातल्या नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा निघाला. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. साठा एकत्र अभ्यासला गेला म्हणून क्षहरातांवरच्या सातवाहनांच्या विजयाचा एवढा मोठा पुरावा हाती आला. तीच नाणी एकेक करून वितळली असती, तर?

म्हणून दोन गोष्टी हात जोडून सांगतो. नांगरताना किंवा पाया खणताना नाणी सापडली तर ती धुऊ नका, वाटून घेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावीच लागते. आणि देवघरात आजीची शिवराई असेल, तर येत्या दिवाळीत तिला चिंचेच्या वाटीपासून दूर ठेवा. कोरड्या सुती फडक्याने पुसा, कागदात गुंडाळा आणि सिलिका जेलच्या पुडीबरोबर घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा.