छातीवरचा पेपर

डिसेंबरअखेरची पहाट, साडेपाचचा सुमार. सायखेड्याहून चांदोरीकडे मोटारसायकलवर निघालो होतो. अंगात जाड स्वेटर, डोक्यावर हेल्मेट आणि हातात दुकानदाराने ‘लडाखला नेतात हे’ म्हणत गळ्यात मारलेले हातमोजे. गोदावरीच्या पुलाकडे उतार लागला आणि गुडघे गार पाण्यात बुडाल्यासारखे झाले. पूल संपून रस्ता चढाला लागला तशी ती गारठ्याची लाट मागे पडली, पण बोटं काही परत आली नाहीत. चांदोरी चौफुलीवर क्लच दाबला तेव्हा बोटं खरोखर वाकली आहेत का, हे खाली बघून खात्री करावी लागली.

टपरीवर एक दूधवाले काका चहा घेत उभे होते. गाडीला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन, लेगगार्डला कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स ताणून बांधलेला. शुभेच्छुकांचे चेहरे आत, पांढरी बाजू बाहेर. हातात बाजारात मिळतात तसले साधे लोकरी मोजे आणि त्यावर दुधाच्या रिकाम्या पिशव्या, मनगटाशी रबर लावून. माझे हात चहाच्या ग्लासाभोवती थरथरताना बघून ते म्हणाले, “हातमोजे भारी हायेत भाऊ तुमचे. पण छाती उघडी टाकली ना.”

“स्वेटर आहे की!”

“स्वेटर म्हंजी चाळणी.” त्यांनी जर्किनची चेन खाली ओढली. आत, शर्टाच्या वर, कालचा पेपर घडी घालून बसवलेला होता.

काकांनी दोन वाक्यांत जे सांगितलं ते उलगडायला मला पुढे बरेच दिवस लागले. आधी तो पुलावरचा गारठा घेऊ. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक असतो, आणि बहुतेकांना तो नदीच्या पाण्याचा वाटतो. तसं ते नाही. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असलं, हवा कोरडी असली की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता सरळ आकाशात सोडून देते. ढगांचं पांघरूण नसल्याने ती परत येत नाही. आधी जमीन गार होते, मग जमिनीला चिकटलेली हवा. गार हवा जड. ती पाण्यासारखीच उताराने वाहते आणि ओढ्यात, नाल्यात, नदीच्या पात्रात जाऊन साचते. म्हणून अशा पहाटे पुलाखालच्या खळग्यातली हवा वरच्या माळापेक्षा चांगली दोन-तीन अंशांनी गार असू शकते. द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, तेही याच साचलेल्या थंडीशी झुंजायला.

‘निफाडचा पारा घसरला’ ही बातमी दर हिवाळ्यात पेपरात येते. तो पारा असतो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. थंडीच्या लाटेत तो पाच-सहा अंशांवर येतो, कधी त्याहूनही खाली. पण हवामानाचा तापमापक ठेवतात झडपांच्या पांढऱ्या पेटीत, थेट ऊन आणि पाऊस लागू नये म्हणून. दुचाकीस्वाराला अशी पेटी नसते. त्याचा पारा वेगळा मोजावा लागतो.

बशीतल्या चहावर आपण फुंकर का मारतो? चहाच्या अंगाशी गरम हवेचा, वाफेचा एक पातळ थर धरलेला असतो. फुंकरीने तो उडतो, जागी गार हवा येते, चहा तिला तापवतो, पुन्हा फुंकर. आपल्या कातडीशीही असाच, काही मिलिमीटर जाडीचा, स्वतःच्या अंगाने तापवलेला थर असतो. शांत उभं राहिलं तर तो टिकतो. मोटारसायकलवर बसलं की ताशी ६० किलोमीटर वेगाची अखंड फुंकर सुरू होते.

हा हिशेब पहिल्यांदा मांडला अंटार्क्टिकावर. पॉल सायपल हा अमेरिकन पोरगा १९२८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बॉय स्काउट म्हणून रिचर्ड बर्डच्या मोहिमेबरोबर तिकडे गेला आणि त्या बर्फाच्या प्रेमातच पडला. ‘विंड चिल’ हा शब्द त्याचाच. पुढच्या एका मोहिमेत त्याने आणि चार्ल्स पासेलने प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यावर टांगलं आणि वेगवेगळ्या वाऱ्यात, वेगवेगळ्या थंडीत ते गोठायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून बघितलं. ते निष्कर्ष १९४५ मध्ये छापून आले आणि अर्धशतकाहून जास्त काळ चालले. नळकांड्यात रक्त वाहत नाही ही त्यातली अडचण. म्हणून २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने नवं सूत्र आणलं. त्यासाठी कॅनडात स्वयंसेवकांना वाऱ्याच्या बोगद्यात चालायला लावून त्यांचे चेहरे किती गार होतात ते मोजलं होतं.

त्या सूत्रात निफाडचे ५ अंश घालून बघितले. ताशी २० च्या वाऱ्यात ते अंगाला १ अंशासारखे लागतात, ४० च्या वाऱ्यात उणे १, ६० च्या वाऱ्यात उणे २. प्रत्यक्षात स्वाराची गत याहून थोडी वाईट. कारण सूत्रातला वारा १० मीटर उंचीवर मोजलेला असतो आणि चेहऱ्यापर्यंत येईतो तो मंदावतो, असं त्यात धरलेलं आहे. स्वाराच्या तोंडावर तो कुठलीही सूट न देता येतो. उणे ३ म्हणा.

या आकड्यांत एक गंमत आहे. पहिल्या २० किलोमीटर वेगातच चार अंश गेले. पुढच्या ४० मध्ये मिळून तीनच. तो अंगालगतचा थर एकदा उडाला की वाऱ्याला चोरायला फारसं उरत नाही. म्हणजे थंडी वाजते म्हणून ६० वरून ४० वर आलात तर अंशभर ऊब मिळेल, पण ३० किलोमीटरला अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास कुडकुडावं लागेल. (पहाटे धुक्यात हळू चालवायची कारणं वेगळी आहेत आणि ती पुरेशी आहेत.) आणखी एक: वाऱ्याने वस्तू लवकर गार होते, पण हवेपेक्षा गार होत नाही. उणे ३ हा आकडा फक्त जिवंत, उबदार कातडीचा. काकांच्या कॅनमधलं दूध कितीही वेगाने गेलं तरी ५ अंशांच्या खाली जाणार नाही, गोठायची तर बातच नको.

आता चाळणी. कपडे ऊब देत नाहीत. ऊब आपलीच, कपडे ती फक्त अडवतात, आणि अडवण्याचं काम धागा करत नाही, धाग्यांत कोंडलेली हवा करते. स्थिर हवेइतकी उष्णतेची चिकट वाणीण दुसरी नाही. पाण्यातून उष्णता तिच्यापेक्षा साधारण पंचवीस पटींनी सहज निसटते. लोकरीचा स्वेटर म्हणजे कोंडलेल्या हवेचं गोदामच. घरात, पारावर, शेकोटीपाशी त्याला तोड नाही. धनगरी घोंगडीही तशीच, आणि तिची लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ओल पिऊनही ओली लागत नाही. पण गाडीवर वारा स्वेटरच्या टाक्याटाक्यांतून आत शिरतो आणि गोदामातला सगळा माल क्षणात बदलतो. आत स्वेटर आणि वर पावसाळ्यातला रेनकोट, एवढा साधा इलाज आहे. रेनकोट एकटा काहीच ऊब देत नाही, स्वेटर एकटा वाऱ्यात फुकट जातो, आणि दोघं मिळून हजारोंच्या जॅकेटला टक्कर देतात. दिसायला बरं दिसत नाही, हे मान्य. काकांचा फ्लेक्स आणि दुधाच्या पिशव्या याच न्यायाने चालतात.

पेपरही तेच करतो. कागदातून वारा जात नाही, आणि घडीच्या दर दोन पानांमध्ये हवेची एक पातळ चकती अडकते. टूर द फ्रान्सचे सायकलपटू पूर्वी घाटमाथ्यावर पोचले की रस्त्याकडेच्या प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन जर्सीत कोंबायचे आणि मगच उतार धरायचे. चढताना घाम, उतरताना वारा, त्यामुळे ओल्या छातीला आडोसा हवाच. आपल्याकडे दूधवाले, भाजीवाले आणि पहाटे पेपरच टाकणारी पोरं ही युक्ती कुणी न शिकवता वापरतात. दोष एकच: घामाने कागद भिजला की त्याचा लगदा होतो आणि बातम्या बनियनवर उमटतात.

पण काका छातीवर घसरले होते ते माझी बोटं बघून. माझं लक्ष बोटांवर, त्यांचं छातीवर. गोम इथेच आहे.

स्वस्थ बसलेलं शरीर साधारण १०० वॅट उष्णता तयार करतं, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. सायकल मारणारा याच्या कितीतरी पट उष्णता काढतो, म्हणून तो पहाटेही घामाघूम. मोटारसायकलवाला मात्र बसून असतो. वारा सायकलवाल्याच्या तिप्पट, भट्टी खुर्चीवर बसलेल्याची. अशा वेळी शरीर काटकसर सुरू करतं. हृदय, यकृत, मेंदू ३७ अंशांवर राहिले पाहिजेत. बोटं थोडी गार झाली तर चालेल. बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. बोटांत स्वतःची उष्णता करणारे स्नायू जवळपास नाहीतच, ती हलतात मुख्यतः कोपर ते मनगट या भागातल्या स्नायूंच्या दोऱ्यांनी. त्यांना ऊब येते ती फक्त रक्तातून, आणि तोच पाट बंद. मग कितीही महागडा हातमोजा घाला, ज्या हाताला आतून उष्णताच येत नाही त्याची राखण तो काय करणार? कॅनडातल्या संशोधकांनी माणसांना कडाक्याच्या थंडीत उघड्या हातांनी बसवून अंगात विजेवर तापणारं जाकीट घातलं, तर हातमोजे नसतानाही बोटं ऊबदार राहिली. धड सुखात आहे असं दिसलं की शरीर बोटांचा पाट पुन्हा सोडतं.

आवळलेल्या रक्तवाहिन्या कायम आवळलेल्या राहत नाहीत. बोटं बर्फाच्या पाण्यात धरली तर काही मिनिटांनी त्या अचानक उघडतात, बोट लाल होतं, पुन्हा आवळतात, पुन्हा उघडतात. टॉमस लुईस या ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञाने १९३० मध्ये हे नोंदवलं. गाडीवर मधूनच बोटांत झिणझिण्या येऊन ठणकतात, ती ही उघडझाप असते. पण धडच गारठलेलं असलं तर ती मंदावते. बोटांची कातडी १५ अंशांच्या खाली गेली की बारीक हालचाली अडखळतात, आणखी गार झाली की स्पर्शच कळेनासा होतो. ६० च्या वेगात ब्रेकवर बोटं अर्धा सेकंद उशिरा वळली तर गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते.

काका सांगत होते आणि मी चहाच्या ग्लासाला कवटाळून होतो. नंतर हिशेब केला: ६० अंशांचा कटिंग चहा, सत्तरेक मिलिलीटर, अंगाच्या तापमानाला येईपर्यंत जेवढी उष्णता देतो ती शरीर मिनिटाभरात स्वतः तयार करतं. म्हणजे चहा पिऊन अंग तापतं हा शुद्ध भ्रम. बोटं मात्र तापतात, कारण ती लहान आणि ग्लास काचेचा. शेजारी एकाने बिडी पेटवली होती. तिच्यातलं निकोटिन बोटांच्या रक्तवाहिन्या आणखी आवळतं. दारूचं उलट: ती कातडीतल्या वाहिन्या उघडते, गरम वाटतं, आणि आतली उष्णता बाहेर पडून जाते. आणि उष्णता निम्मी डोक्यातून जाते, हेही खरं नाही. डोकं म्हणजे अंगाच्या पृष्ठभागाचा दहावा हिस्सा, उष्णताही साधारण तेवढीच जाते. मफलरचं खरं काम गळ्याशी. तिथून जर्किनमध्ये शिरणारा वारा अडवणं.

सगळ्यात चीड आणणारा हिशेब इंजिनाचा. लिटरला ६० देणारी गाडी ५० च्या वेगाने तासाला पाऊण लिटरहून थोडं जास्त पेट्रोल जाळते. तिच्यातून साडेसात किलोवॅटच्या आसपास उष्णता निघते, आणि त्यातला तीनचतुर्थांश भाग चाकाला न लागता धुराड्यातून आणि इंजिनच्या पात्यांवरून वाऱ्यावर जातो. घरातले जवळपास तीन गिझर एकदम चालू आहेत आणि त्यांच्यापासून दोन हातांवर स्वाराची बोटं गारठताहेत! म्हणूनच टपरीवर थांबलेला प्रत्येक जण खाली वाकून इंजिनाला हात दाखवतो. जपून मात्र, बधिर बोटांना चटका बसल्याचं उशिरा कळतं.

चहा संपला. काकांनी कॅनच्या झाकणाखालून आणखी एक पेपर काढून माझ्या हातात दिला. मी पानं वेगळी करून स्वेटरवर बसवत होतो, तेवढ्यात त्यांनी त्यातली पुरवणी काढून घेतली. “ही नको,” ते म्हणाले, “हिचा कागद गुळगुळीत असतोय, खाली सरकती. मेन अंक घ्या.”