चिखलातलं शहाणपण

‘डुकरासारखा चिखलात काय लोळतोस?’ असं आपण पोराला सहज रागावतो. माझ्या घरी हे मांस निषिद्ध आहे, पण या बोलण्यात त्या जनावरावर अन्याय होतो, हे सांगितलंच पाहिजे. डुकराला घाम जवळजवळ येत नाही. म्हणून ते चिखल अंगाला माखून घेतं. ती ओल हळूहळू उडते आणि कातडी गार राहते.

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. मोठ्या डुकराला २५ अंशांच्या पुढेच त्रास सुरू होतो. धाप लागते, खाणं तुटतं. एरवी त्याचं चक्र नेटकं असतं. मादी साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते, माज दोन-तीन दिवस टिकतो, गाभणकाळ सुमारे ११४ दिवसांचा. उन्हाच्या तडाख्यात माज नीट दिसत नाही, कोवळे गर्भ जिरतात, व्यालेल्या मादीचं दूध आटतं. नराचं बीज तयार व्हायला पाच-सहा आठवडे लागतात, त्यामुळे मेमधल्या उन्हाचा फटका पाऊस पडल्यावरही जाणवतो. ज्याच्या दारी दोनच माद्या, त्याचं वर्ष यात बुडतं.

उपाय साधे आहेत. दाट सावली, मोकळा वारा, सतत गार पाणी, दुपारी अंगावर फवारा. खाणं द्यावं आणि नर दाखवावा तो पहाटे किंवा सांजेला. नवजात पिलांना मात्र ऊब लागते, त्यांचा कोपरा कोरडा असावा. आणि एवढंही जमत नसेल, तर निदान चिखलाची खळगी बुजवू नये.